भूमन्नानं चालू ठेवलेलं भांडण

ज्यांचा आवाज बसला आहे आणि जे तो अद्रकाच्या चहानं उठेल म्हणून वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नाही उठत. मी आख्खा उन्हाळा वाट पाहिली. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, वांकिडीच्या एका काकूंनी सांगितलेला काढाही झाला. त्या काढ्यानं आवाज आला नाहीच, वर जेवण जाईनासं झालं. तेव्हा दोन-तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर सरळ घसा दाखवून घ्या. एवढं ज्यांना पटलं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझा आवाज

मी बोरकर, सर्व्हेयर. शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, हे माझं काम. शेताच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला साखळी धरणारा माणूस, मधे उभी कपाशी, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन भाऊ एकमेकांच्या सात पिढ्या काढताहेत. या सगळ्यांच्या वरून माझा आवाज जायला पाहिजे, आणि तो जायचा. माझी बायको सुनंदा म्हणायची, मी जैनदच्या शिवारात ओरडलो की ती आदिलाबादेत चहा टाकते.

शिवारात नसलो की मी ऑफिसात असायचो आणि तिथं मी भूमन्नाशी भांडायचो.

भूमन्ना आमच्याकडे नकाशे काढायचा. मूळचा निर्मलचा, बोलायला तेलुगू. त्याचं आणि माझं टेबल समोरासमोर, मधे एकच खिडकी, आणि खिडकीबाहेर कापसाच्या गाड्यांचा रस्ता. मला उघड्यावरची सवय, खिडकी बंद असली की माझा जीव गुदमरतो. त्याचे कागद पातळ, खिडकी उघडली की ते उडतात आणि वर धूळ बसते. सकाळचा चहा झाला की मी खिडकी उघडायचो, तो लावायचा, आणि आमचं सुरू व्हायचं. मी मराठीत, तो तेलुगूत. मला तेलुगू समजायची, त्याला मराठी समजायची, पण दुसऱ्याच्या भाषेत भांडणं म्हणजे निम्मी हार असं दोघांचंही मत होतं. आमच्या साहेब, म्हणजे मॅडम, नव्या होत्या तेव्हा एकदा मधे पडल्या होत्या. पुढे त्याही चहा घेऊन ऐकायला बसू लागल्या.

आवाज बसायला लागला तेव्हा सगळ्यात आधी भूमन्नाच्या लक्षात आलं. "काय सार," तो म्हणाला, "आजकाल लवकर हरताय."

नागपूर

नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी नाकातून बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर माझा घसा दिसायला लागला. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एका पट्टीवर गाठ. मी जन्मभर हद्दी पाहिलेल्या. मला ते सरळसरळ अतिक्रमण दिसलं.

"काढून टाकू आणि तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या.

"कशासाठी तपासायला?" मी विचारलं. माझा तो आवाज म्हणजे नुसती घरघर होती.

त्यांनी माझ्याकडे न पाहता सुनंदाकडे पाहिलं. तेवढ्यानं मला कळलं.

"ऑपरेशन झालं की मी सांगेपर्यंत अजिबात बोलायचं नाही, काका. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. आवाज पहिल्यासारखा येईल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही."

"डॉक्टर, हे झोपेतबी बोलतात," सुनंदा म्हणाली.

"मग तुम्ही उठवा त्यांना."

येताना पांढरकवड्याला गाडी चहाला थांबली. सुनंदा वाटभर नुसती बोलत होती. घरातल्या डब्यांची झाकणं, शेजारच्यांचा कुत्रा, यंदाचं सोयाबीन, सगळं. एक तो शब्द सोडून. चहा आला तेव्हा तिनं विचारलं, "साखर जास्त टाकाले सांगू का?" आणि टपरीवरच रडायला लागली. मला भीती वाटली. खरं सांगतो, फार वाटली. मरणाची होतीच, पण त्याहूनही आवाजाची होती. आवाज नसलेला बोरकर कसा असतो हे मला माहीतच नव्हतं.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. झोपलो, उठलो, घसा खरवडल्यासारखा दुखत होता. शेजारच्या खाटेवर उमरेडकडचे एक आजोबा होते. मी बोलत नाही म्हणून त्यांनी मला आपली सगळी कहाणी सांगितली. सुनांसकट. घरी जाताना ते सुनंदाला म्हणाले, "बाई, तुमचा मानूस लई समजदार. माह्यं कोनी पुरतं आयकलं असं पह्यल्यांदाच झालं." सुनंदाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

निघताना हॉस्पिटलच्या खिडकीवर विचारलं, तपासणीचा निकाल कोणत्या नंबरवर कळवायचा? सवयीनं मी कागदावर माझाच नंबर लिहून दिला. मुक्या माणसानं स्वतःचा फोन नंबर दिला आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते डोक्यात आलं नाही.

पाटी

घरी सुनंदानं शाळेतून पाटी आणून दिली. ती मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे शुद्धलेखनही तपासायची. पहिले काही दिवस ती खुशीत होती. तिची वाक्यं पुरी होत होती आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या माणसाचं ऐकू येत होतं. मग हळूहळू घरात बिघडत गेलं. मी लिहायचो, ती कामात असायची, मी पाटी टेबलावर आपटायचो. ती वळून पाहीपर्यंत माझा राग वाढायचा. मग मी मोठ्या अक्षरांत लिहायचो.

एक दिवस तिनं पाटी माझ्या हातातून काढून घेतली. "तुमी बोलत होते तवा निदान कुठं आहे ते समजत होतं," ती म्हणाली. "आता मांगून येता अन् पाटी वाजवता. घर खायाले उठते मले. हापिसात जा तुमी. तिकडं वाजवा."

मी गेलो.

सगळे फार चांगले वागले

ऑफिसात त्या दिवसांत वेगळीच धांदल होती. येत्या दसऱ्यापासून तेलंगणातल्या आमच्या एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते आणि ऑफिसचीही वाटणी चालू होती. कपाटांवर, खुर्च्यांवर, पंख्यांवर कोणत्या जिल्ह्याला जायचं त्याची अक्षरं खडूनं काढलेली. माझं गाव वांकिडी आसिफाबादकडे गेलं, इंद्रवेल्ली आमच्याकडे राहिली, आणि एका तीन पायांच्या टेबलावर कोणीच अक्षर काढत नव्हतं. माणसांचं कोण कुठे जाणार ते अजून ठरायचं होतं.

मी आत गेलो तर सगळे उठून उभे राहिले. कोणी नारळपाणी आणलं, कोणी मध. सगळे माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. माझा घसा गेला होता, कान शाबूत होते, पण हे पाटीवर लिहून दाखवेपर्यंत दुसरा कोणी तरी माझ्या कानाशी येऊन ओरडायचा. मॅडमनी मला शिवारातलं काम बंद करून बसल्या जागेचं दिलं. मी लहान पोरासारखा माना डोलवत होतो.

सकाळचा चहा झाला. भूमन्ना उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं खिडकी उघडली.

वारा आला, त्याचे कागद फडफडले. त्यानं मुकाट्यानं त्यावर दगड ठेवले आणि माझ्याकडे पाहून हसला. फार प्रेमळ हसला. या माणसानं इतक्या वर्षांत मला कधी ती खिडकी सुखानं उघडू दिली नव्हती. तो हरायला तयार झाला, याचा अर्थ त्याच्या मते मी आता काही फार दिवसांचा नाही.

मी पाटीवर लिहिलं, "बंद कर." त्याला वाटलं मला गार लागतंय. त्यानं धुळीसाठी बांधलेला स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. मी घरी येऊन जेवलो नाही.

दोन्ही बाजू

दुसऱ्या दिवशी मी मफलर परत दिला आणि खिडकी स्वतः उठून लावली. भूमन्ना बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. काही तरी जुळवत होता. मग उठला, खिडकी सताड उघडली आणि ताबडतोब धाडकन लावली.

"दुम्मू येतो, सार!" तो तेलुगूत कडाडला. "किती धूळ! काल अर्धा रस्ता माझ्या नकाशावर येऊन बसला!"

माझा हात पाटीकडे गेला. त्यानं मला थांबवलं. टेबलाला वळसा घालून तो माझ्या बाजूला आला, कमरेवर हात ठेवले, पोट पुढं काढलं आणि मराठीत सुरू झाला.

"काऊन बे भूमन्ना? आमी काय उंदीर आहो का बे, बिळात राहाले? सारा जनम शिवारात हिंडून राह्यलो मी! मानसाले हवा लागते, हवा! तुहा कागद उडते तं वजन ठेव ना त्याच्यावर. नाई तं तूच बस!"

केबिनचं दार उघडून मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं माझा आवाज परत आला. हुबेहूब मीच होतो. माझं ते "काऊन बे", वाक्याच्या शेवटी हात झटकणं, "हवा" दोनदा म्हणणं. जो माणूस इतकी वर्षं "मला मराठी येत नाही" म्हणून छातीठोकपणे सांगत होता, त्यानं माझं बोलणं मात्रेसकट पाठ करून ठेवलं होतं.

तो परत आपल्या बाजूला गेला. "मी बसतो कागदावर," तेलुगूत म्हणाला, "मग नकाशा कोण काढणार? तुम्ही? तुमच्या हातची रेघ पाहून म्हैससुद्धा वाट चुकेल."

मला हसू आलं. मोठ्यानं हसायलाही बंदी होती, म्हणून मी तोंडावर दोन्ही हात धरून हललो. घरी पोटभर जेवलो.

त्यानंतर हे रोज झालं. तो इकडून तिकडे फेऱ्या मारायचा, एकदा भूमन्ना, एकदा बोरकर. आणि भांडायचा इमानदारीनं. माझी बाजू कच्ची ठेवून आपली पक्की करणं त्याला सहज जमलं असतं. पण तो मला असे मुद्दे द्यायचा की मला स्वतःला सुचले नसते. मी खुर्चीत बसून मान हलवायचो, बोट उंचवायचो, त्याचं काही सुटलं तर खूण करायचो. मी पाहुणा नव्हतो, रोगी नव्हतो, भांडणातला एक पक्ष होतो.

एक दिवस तो माझ्या बाजूला उभा राहून म्हणाला, "तू निर्मलचा बे. तुह्या गावात लाकडाचे पोपट बनवतेत. त्याइले खिडकी लागत नाई. मी जिता आहो अजून. जिता मानूस हवा मांगते, समजलं का?"

मग तो आपल्या बाजूला गेला आणि त्याला उत्तरच सुचेना. बाकीचे आपापल्या कागदांकडे पाहायला लागले. तपासणीचा निकाल यायचा होता हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटी भूमन्नानं खिडकी उघडली आणि म्हणाला, "जिंकलात, सार." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी यातून बाहेर येईन.

फोन

फोन आला तो नेमका चहाच्या वेळी. नागपूरचा नंबर. माझ्या हातात फोन वाजतोय आणि मला घेता येत नाही. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो आणि फोन भूमन्नाच्या हातात कोंबला. त्यानं स्पीकर लावला.

"हॅलो, बोरकर काका?" डॉक्टरीणबाई.

आता सरळ माणूस काय म्हणाला असता? पण भूमन्नाला त्या दिवसांत माझ्या नावानं तोंड उघडायची इतकी सवय झाली होती की त्यानं कमरेवर हात ठेवला, पोट पुढं काढलं आणि म्हणाला, "हो, बोरकरच बोलून राह्यलो."

"काका! बोलताय तुम्ही? मी काय सांगितलं होतं?"

"चुकलं, बाई."

"कधीपासून बोलताय?"

"रोजच. चहा झाल्यावर."

"कुजबुजता?"

"नाई, मोठ्यानं. भांडावं लागते ना."

मी डोकं धरून खाली बसलो. मॅडम हातवारे करत होत्या. डॉक्टरीणबाई मात्र जरा विचारात पडल्यासारख्या वाटल्या. "आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी मोकळा वाटतोय. इतक्या लवकर असा येत नाही."

"बाई," भूमन्नानं फोन दोन्ही हातांनी धरला, "मले मंग पाहिजे तेवढ्या शिव्या द्या. पह्यले निकाल सांगा."

"साधी गाठ आहे, काका. कॅन्सर नाही."

भूमन्नानं तेलुगूत अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरची गाडी थांबली. फोन तसाच चालू राहिला होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "काका? ही कोणती भाषा बोलताय? काका, बसा, पाणी प्या!" मॅडमनी फोन घेऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं. तेही बाईंना बहुधा पटलं नसावं.

मला रडायला येत होतं, पण हुंदका द्यायचीही परवानगी नव्हती. ते कामही माझ्या वतीनं भूमन्नानंच केलं. मग नाक पुसून त्यानं सुनंदाला फोन लावला. वहिनीला त्यांच्याकडे म्हणतात तसं "वदिना" म्हणाला आणि त्यापुढे त्याला एकही शब्द बोलता आला नाही. सुनंदा घाबरून रिक्षानं ऑफिसात आली. आल्यावर तिला कळलं, तेव्हा तिनं आम्हा दोघांनाही झापलं.

वाटणी

माणसांची वाटणी झाली. मी आदिलाबादलाच. भूमन्ना निर्मलला.

त्यानं वर्षानुवर्षं निर्मल मागितलं होतं. त्याचं घर तिथं, म्हातारी आई तिथं. आम्ही त्याचं अभिनंदन केलं, मॅडमनी पेढे आणले. पेढा खाताना त्याचा चेहरा औषध घेतल्यासारखा होता. "जवळच आहे," तो म्हणाला. "बस आहे." मी पाटीवर लिहिलं, "आता खिडकी माझी." त्यानं वाचलं आणि पाटी पालथी ठेवली.

मला एकच धास्ती लागली. दसऱ्याच्या आत मला बोलायची परवानगी मिळाली पाहिजे. त्यानं इतके दिवस माझी बाजू लढवली होती. शेवटचं एक भांडण तरी मला माझ्या तोंडानं भांडायचं होतं.

परवानगी मिळाली, दिवसाला थोडा वेळ. पहिला शब्द घरात बोलायचा, असं सुनंदानं आधीच बजावून ठेवलं होतं. ती समोर बसली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला "अगं" आणि "ऐकतेस का" यापलीकडे हाक मारली नव्हती. मी म्हणालो, "सुनंदा."

आवाज जाडाभरडा आणि आखूड आला, मधे तुटला. माझा नव्हताच तो. मला वाईट वाटलं. सुनंदा पदर तोंडाला लावून बसली होती.

"पुन्ना म्हना," ती म्हणाली.

निरोप

भूमन्नाच्या निरोपाला ऑफिसनं शाल आणि भेटवस्तू आणली. भेटवस्तू म्हणजे निर्मलच्या कारागिरांनी काढलेलं चित्र. निर्मलला चाललेल्या निर्मलच्या माणसाला निर्मलचं चित्र. कोणी ठरवलं होतं कोण जाणे. भूमन्नानं ते उलटसुलट पाहिलं आणि हे आमच्या शेजाऱ्यानंच काढलेलं दिसतंय म्हणाला.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं. आजारपणात लोकांनी आणलेलं नारळपाणी संपलं, मध सुनंदानं पोळीबरोबर संपवला. भूमन्नानं काहीच आणलं नव्हतं. मी गप्प होतो तेव्हा त्यानं माझी जागा रिकामी पडू दिली नाही. माझा आवाज त्यानं आपल्या तोंडात सांभाळून ठेवला आणि रोज चहानंतर तो मला दाखवत राहिला, की हा बघ, तू असा आहेस. हे सगळं बोलायचं होतं.

उभा राहिलो, त्याच्याकडे पाहिलं आणि जुळवलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी माझ्या नव्या फाटक्या आवाजात म्हणालो, "काऊन बे भूमन्ना? खिडकी उघड."

तो मान तिरपी करून ऐकत राहिला, दुकानात भांडं वाजवून बघतात तसा. मग सगळ्यांकडे वळून तेलुगूत म्हणाला, "हे बोरकरसाब नाहीत. बोरकर मी जास्त चांगला करतो."

सगळे हसले. तोही हसला, मीही हसलो, आता परवानगी होती. खिडकी त्यानं शेवटपर्यंत उघडली नाही.

आता

त्याच्या जागी आलेली मुलगी कॉम्प्युटरवर नकाशे काढते. तिचे कागद उडत नाहीत, तिला धुळीचंही काही नाही. खिडकी दिवसभर उघडी असते. माझा आवाज पहिल्यासारखा आला नाही, शिवारात ओरडायचं काम आता दुसरे करतात. डॉक्टरीणबाईंनी रोज थोडा वेळ स्पष्ट आवाजात बोलायचा सराव सांगितला आहे. काय बोलायचं ते मात्र सांगितलेलं नाही.

म्हणून चहा झाला की मी माझी बाजू मांडतो, मराठीत. मग टेबलाला वळसा घालून पलीकडे जातो आणि भूमन्नाची बाजू मांडतो, तेलुगूत. माझी तेलुगू ऐकून ती मुलगी सुरुवातीला घाबरली होती. आता हसते आणि चुका दुरुस्त करते.

काल मी भूमन्नाच्या बाजूनं बोलत होतो. धूळ, कागद, जन्मभराचं बारीक काम, असं एकेक म्हणता म्हणता इतकं नेमकं बोलून गेलो की माझ्या बाजूला परत आलो तेव्हा मला उत्तर सुचेना. मग म्हणालो, "जिंकलास, भूमन्ना," आणि खिडकी लावून घेतली.